पायांना कळणारा उतार

शहाद्याच्या फरशीच्या दुकानात ती मला एकदाच भेटली, आणि तेवढ्यावर मी अजून जळतो.

पन्नाशीची असेल. कळसाडीकडची शेतकरीण, नखांत सिमेंट. सासूसाठी घरचं बाथरूम ती स्वतःच नवं करत होती. मीही मिस्त्री न लावता, मोबाइलवर व्हिडिओ पाहून तेच करत होतो. त्यात मी शाळेत भूमिती शिकवणारा. दुकानदाराला उताराचं गणित कागदावर समजावत होतो, तेवढ्यात तिने चपला काढल्या, दुकानातच चार पावलं टाकली आणि दाराजवळच्या कोपऱ्याकडे बोट केलं.

"फरशी धोतस तवय पाणी तठे जास ना?"

दुकानदार चकित. "हां, तठेच थांबस!"

मी विचारलं, कसं कळलं? ती हसली. "ऊसले पाणी भरी भरी पायसलेच समजस, भाऊ. पहिले पाय ठेवाना, मंग फरशी."

पायांवर काय भरवसा ठेवायचा? मी सगळ्यात महागडी लेव्हलपट्टी घेऊन घरी आलो.

आज माझ्या बाथरूमचे चारही कोपरे काटकोनात आहेत. पाणी मात्र जाळीकडे न जाता दाराखालून खोलीत येतं. बायको रोज पायपुसणं बदलते. तिकडे त्या सासूबाईंच्या पायाखालचं पाणी मुकाट निघून जात असेल, हे आंघोळ करताना रोज मनात येतंच.

परवा दार लावून, डोळे मिटून फरशीवर अनवाणी उभा राहिलो. बराच वेळ.

पायांना फक्त गार लागलं.