राजाला हनुवटी पाहिजे

आसगावच्या जागेश्वरला देवानं सगळं दिलं, फक्त हनुवटी द्यायला विसरला. खालचा ओठ संपला की थेट गळाच. म्हणून दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत गावाच्या दंडारीचं नाटक उभं राहिलं की लुगडं नेसून राणी व्हायचं ते यानंच. एक-दोन नव्हे, चौदा वर्षं. घरी तीन लेकरांचा बाप, पण गाव त्याला 'राणीसाहेब' म्हणे. ते त्याला फार लागायचं. मरण्याआधी एकदा तरी राजा व्हायचं, एवढीच त्याची हाव होती.

दंडारीचा कारभारी केवळराम दरसाल एकच सांगे, "राजाले हनवटी पाह्यजे, जागेश्वर."

ब्याऐंशी साली भाताची रोवणी आटोपली आणि जागेश्वरनं नागपूर गाठलं. डॉक्टरांनी नीट समजावलं. ओठाच्या आतून चीर देऊन सिलिकॉनचा तुकडा बसवू. आठवडाभर पातळ खायचं, उंच उशी घेऊन उताणं झोपायचं. सूज महिना-दोन महिने राहील, हनुवटी काही महिने बधिर राहील. "आणि बदलेल ती हनुवटी, नशीब नाही," असंही ते म्हणाले. शहाण्याला शब्दाचा मार, पण हा शहाणा कुठे होता?

गावी परतला तेव्हा तोंड भोपळ्याएवढं. अख्खं गाव पेजेचे गडवे घेऊन बघायला आलं. बैल पारखावा तशी जो तो हनुवटी दाबून बघे आणि याला काहीच कळत नसे. शेवटी बायको, कुंताबाई, काठी घेऊन दारात बसली.

मंडई आली. केवळरामनं शब्द पाळला, राजाचं सोंग जागेश्वरला दिलं. आजवर राजा असलेल्या गोमाजीनं मिशा उतरवून मुकाट्यानं लुगडं नेसलं. मग केवळरामनं पेटीतून राजाची दाढी काढली, चांगली वीतभर.

जागेश्वर बघतच राहिला. चौदा वर्षं याच दाढीसमोर लाजत उभा राहिलेला माणूस, पण दाढीखाली हनुवटी दिसतच नाही, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"मंग हनवटी कायले पाह्यजे होती जी?"

"दाढी बांधाले," केवळराम शांतपणे म्हणाला. "तुह्या तोंडावर टिकली असती का?"

जागेश्वरनं दाढी बांधली. तो राजा होऊन उभा राहिला. भर दरबारात गाठ सुटली, दाढी गळ्यात लोंबू लागली. बधिर हनुवटीला पत्ता नाही. लोक हसून लोळले. राजाला वाटलं, वाहवा होते आहे. त्यानं हनुवटी आणखी वर केली आणि आवाज चढवला.

बायकांत बसलेली कुंताबाई तेवढी हसली नाही. शेजारणीला म्हणाली, "हसू दे त्याईले. हनवटी दिसली तं खरी."