मामीचा चोथा आणि माझं स्टिअरिंग

माझ्या मामीने तीस वर्षं सोयाबीन पिळलं. आमच्या बसच्या शेवटच्या स्टॉपसमोर सोया दुधाचा छोटा कारखाना आहे, तिथे. भिजवलेले दाणे दळायचे, उकळायचे, फडक्यात घालून पिळायचे. दूध बाटल्यांत जायचं आणि फडक्यात उरलेला पांढरट चोथा गोठ्यावर. "चांगलं ते गाई खातात आणि माणसं बसतात पोट धरून," असं ती येताजाता म्हणायची. मी फिदीफिदी हसायचो.

मी बस चालवतो. वीस वर्षं बसून बसून पोट सुटलं, सकाळचा कार्यक्रम तीन-तीन दिवस रखडायला लागला, वर साखर वाढली. डेपोचे डॉक्टर गोळ्या देऊन म्हणाले, "तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. साखर अशीच राहिली तर बस सोडावी लागेल." मला दुसरं काही येत नाही. पायाखालची जमीनच सरकली.

हे कळल्यावर दुसऱ्याच दिवशी मामीने हातात डबा ठेवला. पावाच्या पिठात शिजवलेला चोथा मळून भाजलेले पाव.

"यात तंतू असतात. पोट साफ राहतं, साखर रक्तात हळूहळू जाते. गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत. आणि थोड्यापासून सुरुवात कर."

थोड्याने माझं कधी भागलंय? एका बैठकीत चार पाव हाणले. त्यात आम्हा ड्रायव्हरांची खोड अशी, की ड्यूटी संपेपर्यंत पाण्याला शिवायचं नाही. मध्येच बस थांबवून जाणार कुठे? सकाळी पोट दगड झालं. शेवटच्या स्टॉपवर मी वाकूनच उतरलो.

मामीने कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, तो चोथा पाणी पितो! तू प्यायला नाहीस तर तो आत काय करणार?" मग तिने कारखान्यामागचा संडास दाखवला. "हे बघ, आता सबब नको."

तेव्हापासून माझी बस आली, की ती ओल्या एप्रनवरच बाटली घेऊन बाहेर उभी. सगळ्या प्रवाशांदेखत मला पाणी पाजायची. कंडक्टर म्हणायचा, "इंजिनला नंतर, आधी ड्रायव्हरला!" मला लाज वाटायची, पण प्यायचो. अर्ध्या पावापासून पुन्हा सुरुवात केली आणि हळूहळू एकावर आलो. चालायलाही लागलो.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. गोळी सुटली नाही, पण साखर आटोक्यात आली होती. डॉक्टरांनी सही केली. कागद खिशात घालून मी बस घेऊन निघालो.

मामी उभीच होती. मी तोंड उघडलं तर म्हणाली, "आधी पाणी."

मी प्यायलो. "मामी, बस माझीच राहिली. तुझ्यामुळे."

ती तिथेच पायरीवर मटकन बसली. कामाच्या वेळात तिला बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "तीन महिने घास उतरत नव्हता रे," एवढंच म्हणाली. मला वाटत होतं, भीती माझी एकट्याची आहे.

बाटलीत थोडं पाणी उरलं होतं. मी तिच्या शेजारी बसलो आणि ते तिला पाजलं.