म्हशीला सांगितलेलं

पुष्कळ गुन्हे तपासले, पण गडमुडशिंगीच्या विहिरीतून जिवंत काढलेली ती बाई अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी फौजदार होतो. आत्महत्येचा प्रयत्न, म्हणजे कायद्याने आरोपी तीच. अंगावर मारहाणीची एक खूण नाही. सासरा ठाण्यात येऊन म्हणाला, "येडी हाय, मुकी हाय. तिची पोरगी आमच्यापाशीच ऱ्हाईल."

गावोगाव फिरणाऱ्या मुसलमान बांगडीवाल्याने मला बाजूला घेतलं. "मुकी कसली, साहेब? बांगड्या भरताना माझ्याशी बोलती की!"

तिला समोर बसवलं. विचारलं, दरडावलं. ती भिंतीकडे बघत राहिली. माझं डोकं तापलं. हवालदारावर ओरडलो, "तिला म्हणावं, निदान चहा तरी घे!"

तिनं लगेच कप उचलला.

मग सगळे प्रश्न मी हवालदाराकडे बघून विचारले आणि ती बोलू लागली. धाकटा दीर शेतात पाण्याच्या मोटारीचा शॉक लागून गेला. ही जेवण घेऊन वेळेवर पोचली असती तर तो वाचला असता, म्हणून दोष हिचा. तेव्हापासून घरात कुणी, अगदी नवराही, तिच्याशी बोलला नव्हता. काम सांगायचं ते गोठ्यातल्या म्हशीला. हिनं ऐकून करायचं.

"त्या सकाळी पोरगीबी म्हशीजवळ गेली. म्हणाली, म्हशे, हिला सांग, माझी येणी घाल."

त्यानंतर तिनं विहीर गाठली.

सासऱ्याला बोलावून बाकावर बसवलं. त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, असा माझा हुकूम. त्याने काही विचारलं की हवालदार म्हणायचा, "टेबला, म्हाताऱ्याला सांग, गप बस." दुपारी म्हातारा फुटला. "अवो, माझ्याशी बोला की!"

"बोलतो. पोरगी आईबरोबर जयसिंगपूरला मामाकडं जाणार. कबूल?"

"व्हय, कबूल."

कोर्टानेही तिला समज देऊन सोडलं. वरिष्ठ मात्र हसले, "न बोलणं कुठल्या कलमात बसतं हो?" त्या वर्षीचं बक्षीस जुगाराचा अड्डा पकडणाऱ्याला गेलं. वशिल्याशिवाय शिपायापासून वर आलेला मी. ते हुकलेलं बक्षीस मी विसरलेलो नाही.

बऱ्याच वर्षांनी ती जयसिंगपूरच्या स्टँडवर दिसली. "बाई, ओळखलं का?" तिनं आधी मागे वळून पाहिलं, मी दुसऱ्या कुणाशी बोलतोय का म्हणून. डॉक्टरच्या दाखल्यात न येणारी जखम किती काळ टिकते, ते तिथे कळलं.

"आई, तुलाच म्हणत्यात की!" तिच्याशेजारी उभी असलेली, आता कॉलेजात जाणारी तिची पोरगी खणखणीत आवाजात म्हणाली. आईकडे बघून, थेट.

ते मी मिळवून दिलं होतं. बक्षीस ठेवा तुमच्याकडे.