विषारी बेडूक आणि लाकडावरची अळंबी

एका रविवारी सकाळी माझे वडील, अण्णा, फिरून आले ते रुमालात अळंबी बांधूनच. शिरवणे गावाच्या बाजूला एक झाड पडलंय, त्याच्या खोडावर ती उगवली होती. साताऱ्याकडे असताना ते वारुळावरची अळंबी ओळखून आणायचे. लाकडावरची त्यांनी कधी खाल्ली नव्हती. म्हणून त्यांनी ती ओट्यावर ठेवून मला हाक मारली.

"सायन्सवाले, या. खायची का न्हाई, सांगा."

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. अण्णांनी वाशीच्या मार्केटात पाठीवर पोती वाहिली, म्हणून झालो. आता नेरूळला क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतो. आदल्या दिवशीच मुलांना विषारी बेडूक शिकवला होता: परदेशी जंगलातला, इवलासा, भडक रंगाचा. रंग हा शत्रूला इशारा. विष तो मुंग्या-किडे खाऊन अंगात साठवतो. काचेच्या पेटीत लहानाचा मोठा केला, दुसरं खाणं घातलं, तर बिनविषारी राहतो.

अळंबी मळकट पांढरी होती. माझ्या तोंडून निघालं, "रंग तर भडक नाही..."

"बघ!" अण्णा आईला म्हणाले. "लसूण सोल."

मी गडबडलो. बेडकाचा नियम अळंबीला लागतो का? ही लाकूड कुजवून जगते. मग विष लाकडातून येईल, की ती स्वतः तयार करेल? पुष्कळ अळंब्या स्वतःच करतात, एवढं आठवत होतं. ही त्यांतली का, ते नाही. पुस्तक उघडलं. बेडकाचं रंगीत चित्र होतं, आमच्या अळंबीवर ओळ नव्हती. स्वयंपाकघरातून तेल तापल्याचा वास आला.

"आई, गॅस बंद कर!"

"विषारी हाय?"

"माहीत नाही."

"मग चांगली असंल."

"तेही माहीत नाही. म्हणूनच खायची नाही."

"एवढी बुकं वाचून?" आई म्हणाली.

"अगं, गप. सर नको म्हणतायत, म्हंजे काहीतरी असंल." अण्णांनी अळंबी ओल्या कचऱ्यात टाकली.

दुपारी ते खाली वॉचमनला सांगत होते, "पोरानं नुसती बघून विषारी वळखली."

"मग मागं भिंतीपाशी पन उगवलीये. सरांना दाखवून खाऊ का?"

मी बाल्कनीतून ऐकलं आणि तसाच अनवाणी जिना उतरू लागलो. वॉचमनला थांबवायचं होतं. अण्णांच्या देखत काय बोलून, ते मात्र कळत नव्हतं.