अण्णाबरोबर कृष्णराजनगर

मधुमिताला आठवड्यातले सहा दिवस कुणी ना कुणी हाक मारत असे. विमा कंपनीच्या कचेरीत साहेब हाक मारायचे, काउंटरपलीकडून लोक मारायचे, आणि लष्कर मोहल्ल्यातल्या घरी पोचली की वरच्या मजल्यावरून वहिनी. आई होती तोवर आईही. लग्न राहिलं ते राहिलंच, आणि बिनलग्नाच्या बाईला वेळच वेळ असतो अशी घरातल्या सगळ्यांची पक्की समजूत. आई गेली त्या वर्षी मधुमिताने कुणाला न विचारता सायकल घेतली. साधीच, पुढे टोपली असलेली. पन्नाशी उलटलेल्या बाईला हे काय सुचलं म्हणून गल्लीत थोडे दिवस कुजबुज झाली आणि मग लोक विसरले.

रविवारी उजाडता उजाडता ती निघायची. बेळगोळपर्यंत मोठा रस्ता, पण रविवारी तिथले कारखाने बंद असल्यामुळे ट्रक कमी. मग कालव्याच्या बांधावरचा अरुंद रस्ता लागायचा. चढ नाही, उतार नाही. एका बाजूला संथ पाणी, दुसऱ्या बाजूला भाताची खाचरं, मध्येच ऊस. पाय आपोआप फिरत राहायचे. श्रीरंगपट्टणच्या जुन्या वेशीतून आत शिरायचं, एका ठरलेल्या मेसमध्ये इडली खायची, नदीच्या घाटावर बसायचं आणि जेवणाच्या वेळेला घरी. या सगळ्या वेळात ती मोजून दोन वाक्यं बोलत असेल. तीही इडलीवाल्याशी. तेच तर सुख होतं.

या सुखाला नजर लागली ती अण्णाच्या निवृत्तीमुळे. तिचा थोरला भाऊ जगन्नाथराव बँकेत शाखाधिकारी होता. निवृत्त झाला, मग छातीत दुखलं, आणि डॉक्टरांनी हलका व्यायाम करायला सांगितला. सीतालक्ष्मी वहिनींनी खाली येऊन जाहीर केलं, "मधु, हे तुझ्याबरोबर येतील आता. सुम्ने, उगाच घरी बसून माझं डोकं खातात."

"वहिनी, मी फार हळू जाते."

"त्यांना हळूच जायचंय. डॉक्टरच म्हणालेत."

अण्णाने गिअरची सायकल घेतली. लाल हेल्मेट, अंगात पिवळंधमक चमकणारं जाकीट आणि गळ्यात शिट्टी. शिट्टी कशाला, हे मधुमिताला पहिल्याच रविवारी कळलं. बेळगोळला पोचायच्या आत त्याने ती चारदा वाजवली. एकदा म्हशीसाठी, बाकी तिच्यासाठी.

"मधु, स्वल्प थांब!" तो मागून ओरडायचा. ती थांबायची. तो येऊन पाणी प्यायचा, वहिनींना फोन करून कुठपर्यंत आलो ते सांगायचा, आणि बांधावर जो दिसेल त्याच्याशी बोलायला लागायचा. यंदा भात कसं आहे, पाणी कधी सोडतात, मुलगा काय करतो. उत्तर मिळालं की त्या माणसालाच शेती कशी करावी ते सांगायचा. आयुष्यात कुंडीतली तुळस सोडून दुसरं काही न लावलेला माणूस! मधुमिता एक पाय जमिनीवर टेकवून उभी राहायची आणि मनातल्या मनात दात खायची.

हेही तिने सोसलं असतं. पण बोलणं संपवताना तो तिच्याकडे हात करून कानडीत म्हणायचा, "इवळु नन्न तंगी. ऊरु तोरिसक्के कर्कोंडु बंदिद्दीनि." ही माझी धाकटी बहीण, हिला गाव दाखवायला घेऊन आलोय.

ज्या रस्त्याने ती चार वर्षं एकटी येत होती, तो रस्ता तिला दाखवायला! पहिल्या वेळी तिला हसू आलं. पाचव्या वेळी डोक्यात तिडीक गेली. पण परक्यासमोर थोरल्या भावाला काय म्हणायचं? ती नुसती पॅडल मारायला लागायची, आणि मागून शिट्टी वाजायची.

संक्रांतीनंतर जोडून सुट्टी आली. मधुमिताने कितीतरी महिने मनात ठेवलं होतं की सायकलने कृष्णराजनगरला जायचं, तिथे मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी कालव्याकालव्याने चुंचनकट्ट्याला, जिथे कावेरी खडकांवरून खाली उतरते. तिने रस्ते काढले, लॉजवर फोन केला. अण्णाने गल्लीभर सांगितलं, "मी एक टूर काढलीय."

पहिला दिवस कसाबसा पार पडला. कृष्णराजनगरच्या नदीकाठी अर्केश्वराच्या देवळात संध्याकाळची शांत आरती चालली होती आणि अण्णा पुजाऱ्यांना सांगत होता की दिवे पलीकडे लावले तर जास्त शोभतील. मधुमिता बाहेर जाऊन पायरीवर बसली. समोर नदी काळोखत होती. डोळे भरून बघावी अशी. पण तिचे कान आतल्या आवाजाकडेच लागलेले. आपण इथे येऊनही इथे नाही, याचाच तिला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी कालव्याच्या रस्त्यावर ठिकठिकाणी मळणीसाठी लोंब्यांसकट पेंढा पसरला होता. जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली दाणे सुटावेत म्हणून लोक तो रस्त्यावरच टाकतात. मधुमिता उतरली आणि सायकल कडेने हातात धरून नेऊ लागली. "अण्णा, उतर. पेंढा चाकात अडकेल."

"अगं, गिअरची सायकल आहे ही!" अण्णा म्हणाला, आणि थेट पेंढ्यात घुसला.

मागच्या चाकाला पेंढा असा गुंडाळला गेला की सायकल जागच्या जागी थांबली आणि अण्णा हळूच आडवा झाला. लागलं काही नाही, पेंढा मऊच होता. मळणीवाल्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मधुमिता गुडघ्यांवर बसून साखळीतून एकेक काडी ओढून काढू लागली. हात काळे झाले. आणि डोक्यावरून अण्णाचा आवाज आला, "तूच आणलंस या रस्त्याने. मी मोठ्या रस्त्याने जाऊ म्हणत होतो, अल्वा, होय ना?"

मधुमिता उठली.

"रस्ता वाईट निघाला की मी आणलं, आणि चांगला निघाला की तू मला फिरवतोयस. हे कसं रे, अण्णा?"

"म्हणजे?"

"म्हणजे हेच. प्रत्येक माणसाला सांगतोस, बहिणीला गाव दाखवायला आणलंय. कुठलं गाव दाखवलंस तू मला? एकाचं नाव सांग!"

अण्णाने इकडेतिकडे बघितलं. बायकांनी हसणं थांबवलं होतं. "आयतु, झालं तर," तो म्हणाला. "माझा मी जातो." सायकलवर बसला आणि पुढच्या फाट्याला, जिथे डावीकडे वळायचं होतं, तिथून सरळ गेला.

मधुमिताने हाक मारली नाही. बांधावर बसली, कालव्यात हात धुतले आणि कितीतरी दिवसांनी शिट्टीशिवायचं पाणी ऐकलं. जाऊ दे. जाईल कुठे?

तेवढ्यात तिच्या टोपलीतून फोन वाजला. अण्णाचा. जाकिटाच्या खिशात मावत नाही म्हणून त्याने सकाळीच तिच्याकडे दिला होता.

"अहो, गोळी घेतलीत का?" वहिनी.

"वहिनी, मी मधु. अण्णा... जरा पुढे गेलाय."

"पुढे? ते कधीपासून तुझ्या पुढे जायला लागले?"

मधुमिताने कपाळाला हात लावला. गोळ्यांची डबीही तिच्याच टोपलीत होती.

मग सुरू झाला शोध. लाल हेल्मेट आणि पिवळं जाकीट घातलेला माणूस लपून राहील कसा? सगळ्यांनी त्याला बघितलं होतं, आणि प्रत्येकजण वेगळ्या दिशेला हात करत होता. एक म्हातारा म्हणाला, मला खत कसं घालायचं ते सांगून गेले. चला, म्हणजे रस्ता बरोबर होता. ऊन चढलं. राग होताच, पण त्याच्या खालून भीती वर यायला लागली, आणि भीती वाटतेय म्हणून तिला आणखी राग आला. छातीत दुखलं असेल तर? कुठल्या बांधाखाली पडला असेल तर? आणि पडला असेल तर वहिनी कुणाला विचारणार? तिलाच.

एका गावात शिरताना सनईचा आवाज आला. शाळेशेजारी लग्नाचा मांडव होता आणि मांडवाच्या खांबाला टेकवलेली गिअरची सायकल. चाकात अजून पेंढा होता.

आत अण्णा पहिल्या पंगतीत बसला होता. समोर केळीचं पान, पानावर होळिगे, म्हणजे पुरणपोळी, आणि वाढणारा त्यावर तूप सोडत होता.

वधूचे वडील लगबगीने मधुमिताकडे आले. "तुम्हीच का त्या बहीण? सापडलात बाई! तुमचे अण्णा किती काळजीत होते. बहीण रस्ता चुकली म्हणाले. आमची दोन माणसं मोटारसायकलवरून तुम्हाला शोधायला गेलीत."

मधुमिताला ओरडायचं होतं, रडायचं होतं, आणि खरं सांगायचं तर भूकही सडकून लागली होती. नवरीच्या आजीने तिचा हात धरून तिला पानावर बसवलं. तिने गोळ्यांची डबी अण्णापुढे ठेवली आणि मुकाट्याने जेवायला लागली.

जेवण झाल्यावर दोघं मांडवाबाहेर चिंचेखाली बसली.

"मी रस्ता चुकले काय रे?" ती म्हणाली.

अण्णा पान चघळत शेताकडे बघत राहिला. "मला वाटलं तू मागून येशील. मग दुसरा फाटा आला. कुठे वळायचं कळेना. फोनही नाही. तुझा नंबर आठवायला गेलो, तर तोही येईना." त्याने चुन्याचं बोट चिंचेच्या खोडाला पुसलं. "घाबरलो गं मी, मधु."

"मग तसं सांगायचंस ना लोकांना."

"काय सांगू? या वयाचा माणूस हरवला म्हणून? चाळीस वर्षं बँकेत लोक माझ्याकडे वाट विचारायला येत होते."

मधुमिताने त्याच्याकडे बघितलं. हेल्मेटच्या पट्ट्याने हनुवटीवर लाल वळ उठला होता आणि जाकिटावर तुपाचा डाग पडला होता. दया आली, पण तिने ती पुरती येऊ दिली नाही.

"ऐक. महिन्यातला एक रविवार तुझा. बाकीचे माझे. आणि तुझ्या रविवारीही शिट्टी घरी राहील."

"आणि लोकांशी बोलायचं नाही?"

"बोल. पण मी कोण आहे ते मी सांगेन."

अण्णाने मान डोलावली. चुंचनकट्टे राहूनच गेलं. ते मोठ्या रस्त्याने परतले आणि अर्ध्या वाटेवर अण्णाची सायकल टेम्पोत टाकावी लागली. घरी पोचल्यावर अण्णाने वहिनींना सगळी हकीगत सांगितली. त्या हकीगतीत मधुमिताच हरवली होती. तिने जिन्यातून ऐकलं, ओठ आवळले आणि आपल्या खोलीत जाऊन पाय गरम पाण्यात सोडले.

पण रविवार परत मिळाले. महिन्यातला एक अण्णाचा, आणि त्या दिवशी तो शिट्टी खरंच घरी ठेवतो. तोंडाने मात्र वाजवतो. फेब्रुवारीत मधुमिता एकटीच चुंचनकट्ट्याला जाऊन आली. खडकांवर तासभर बसली आणि कुणाशीही बोलली नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात वहिनी खाली आल्या. जरा घुटमळल्या, मग म्हणाल्या, "मधु, मला येईल का गं सायकल? तुझ्याबरोबर आले असते."

मधुमिताने डोळे मिटून घेतले. आयुष्यभर जे कधी कुणाला म्हणाली नव्हती, ते तिने एका दमात म्हणून टाकलं. "नाही वहिनी. शिकवीन हवं तर, पण माझ्या रविवारी नाही."

आता वहिनी रुसतील, अण्णा खाली येईल, आठवडाभर घरात तोंडं फुगतील, असं तिने गृहीतच धरलं होतं. वहिनींनी खांदे उडवले.

"बरं. मग येताना नदीकाठची ताजी वांगी घेऊन ये. देठं हिरवी बघून घे."