तीन गोळ्यांचा कोर्स

माझे वडील डॉक्टर नव्हते. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर मराठी आणि भूमिती शिकवून ते निवृत्त झाले आणि अंथुर्ण्यातल्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून लोकांना खोकल्यावर औषध द्यायला लागले. हे मी कौतुकानं सांगत नाही. रागानंही सांगता येत नाही, कारण त्या गोळ्या त्यांना मीच आणून देत होते.

मी बारामतीत एका लॅबमध्ये नोकरी करते. रक्त, लघवी, थुंकी, जे येईल ते तपासायचं. वरच्या मजल्यावर दवाखाने आहेत. कंपन्यांचे लोक तिथं सॅम्पलच्या गोळ्या ठेवून जातात आणि उरलेल्या कधीमधी कंपाउंडर खाली आम्हाला देतो. त्यात सेफिक्झिम या अँटिबायोटिकच्या पट्ट्या हमखास असायच्या. शनिवारी गावी जाताना दोन-चार पट्ट्या पर्समध्ये टाकायच्या, हे कित्येक वर्षं चाललं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. मिठाईचा पुडा नेला तर ते बाजूला ठेवत, पट्ट्या मात्र चष्मा लावून उलटसुलट बघत.

अण्णांचा हिशेब ठरलेला होता. मोठ्या माणसाला तीन गोळ्या, पोराला तीन अर्ध्या. आधीच ताप उतरला तर उरलेली गोळी परत आणून द्यायची, दुसऱ्याला कामी येते. "आपण ताटात अन्न टाकत न्हाय, मग औषध का टाकायचं?" हे ते फळ्यापुढं उभं राहून सांगावं तसं सांगायचे. आणि लोकही इतके इमानी की खरंच परत आणायचे. पदराच्या गाठीत एक गोळी, कागदाच्या पुडीत दीड गोळी.

मी कधी बोललेच नाही असं नाही. एकदा जेवताना म्हणाले, "अण्णा, निम्म्याहून जास्त खोकल्यांना ही गोळी लागतच नाही. आणि ज्याला लागते त्याला तीन पुरत नाहीत."

"मग माणसं बरी कशी हुत्यात?"

"ती होणारच असतात. चार दिवस गरम पाणी पिऊन बसली असती तरी झाली असती."

"व्हय, आणि श्रेय तुझ्या गरम पाण्याला दिलं असतं," असं म्हणून ते हसले आणि त्यांनी भाकरी मोडली.

त्यांना माझं कळत नव्हतं असं मुळीच नाही. कारण वेगळं होतं आणि ते मला पक्कं ठाऊक होतं. अण्णांच्या आईला वरच्या आळीत पाणी मिळायचं ते ओंजळीत, वरून ओतलेलं. आम्ही बौद्ध झालो, अण्णा शिकले, मास्तर झाले, तरी त्या आळीतली माणसं रस्त्यातच उभी राहून त्यांच्याशी बोलायची. गोळ्या सुरू झाल्या आणि त्याच आळीतल्या बाया आमच्या ओट्यावर टेकायला लागल्या. आमच्या तांब्यातल्या पाण्यानं गोळी गिळून म्हणायच्या, "गुरुजींच्या हाताला गुण हाय." ते ऐकतानाचा अण्णांचा चेहरा मी पाहिला आहे. त्या चेहऱ्यापुढं मी कुठलं शास्त्र काढणार होते? पुढच्या शनिवारी पट्ट्या घेऊन गेले.

गेल्या हंगामात, ऊसतोड जोरात असताना, अण्णांना खोकला लागला. त्यांनी आपल्याच तीन गोळ्या घेतल्या. मग आणखी तीन. मी फोनवर विचारलं की म्हणायचे, "उतार हाय, तू नको धावपळ करू." आणि मी मानायचे, कारण ते मानणं सोयीचं होतं. मधला शनिवार लॅबमधल्या कामात गेला. बाराव्या दिवशी पोचले तेव्हा ओट्याची एक पायरी चढून अण्णा दम खात उभे होते. ओठ काळपट दिसत होते. तशीच गाडी करून त्यांना बारामतीला आणलं आणि एका दवाखान्यात दाखल केलं. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढराफेक.

थुंकी आमच्याच लॅबमध्ये तपासायची होती. रोज मी लोकांना सांगते, आधी चूळ भरा, मग खोलवर खोकून बेडका काढा, नुसती लाळ नको. तेच मी अण्णांना सांगितलं. त्यांनी शहाण्या मुलासारखं ऐकलं. डबीचं झाकण मी लावलं.

आमची तपासणी सांगायला सोपी आहे. काचेच्या चपट्या ताटलीत जंतू वाढवायचे आणि त्यावर औषधं लावलेल्या कागदाच्या बारीक चकत्या ठेवायच्या. औषध चालत असेल तर चकतीभोवती जंतू उगवत नाहीत, स्वच्छ गोल दिसतो. तो पट्टीनं मोजायचा. पूर्वी हे गोल ऐसपैस यायचे. अलीकडं बऱ्याच ताटल्यांत ते आक्रसत चाललेले मी रोज बघत होते. अण्णांच्या ताटलीत सेफिक्झिम ठेवली होती, आणि तिच्याच घराण्यातल्या तोंडानं घ्यायच्या आणखी दोन गोळ्यांच्या चकत्या. लॅबमधली सोबतीण म्हणाली, "तुम्ही नका बघू, मी बघते." मीच बघितली. तिन्ही चकत्यांना जंतू अगदी खेटून उगवले होते. पट्टी हातात तशीच राहिली, मोजायला काही नव्हतंच. इंजेक्शनानं द्यायच्या दोन औषधांच्या चकत्यांभोवती तेवढे गोल होते. ते मी तीनतीनदा मोजले. डॉक्टरांना कळवलं आणि त्याच दुपारी औषध बदललं.

अण्णांच्या गोळ्यांनीच हा जंतू शेफारला, असं कुठलीही ताटली सांगत नाही. असले जंतू आता सगळीकडेच आहेत. पण त्या गोळ्यांच्या भरवशावर बारा दिवस गेले, हे मी सांगू शकते, आणि त्या गोळ्या कुणी आणल्या हेही.

संध्याकाळी ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून त्यांनी विचारलं, "निकाल काय लागला?"

"इंजेक्शन लागू पडंल, अण्णा."

"आपली गोळी?"

मी नाही अशी मान हलवली. अण्णा म्हणाले, "माझ्यापायी गल्लीत कुणाचं वाईट तर झालं न्हाय ना गं?"

"न्हाय अण्णा. काय बी झालं न्हाय."

मला काय माहीत होतं? कोणतं पोर नंतर इंदापूरच्या दवाखान्यात न्यावं लागलं, कोणती म्हातारी तीन गोळ्यांवर राहिली आणि गेली, याची मी कधी चौकशीच केली नव्हती. चौथ्या दिवशी अण्णा गेले. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला होता. ते मला सांगायची गरज नव्हती.

पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला सगळं गाव आलं, वरची आळीसुद्धा. जो तो उठून सांगत होता, गुरुजींनी आमच्या पोराला वाचवलं, गुरुजींनी आमच्या म्हातारीला वाचवलं. मी मान खाली घालून ऐकत होते. एकदाही उठून खरं सांगायचं धाडस झालं नाही. माणसं पांगल्यावर वरच्या आळीतली एक काकी नातवाला कडेवर घेऊन आली. पोराच्या छातीत घरघर होती.

"तुझ्याकडं असतील की. तीन अर्ध्या दे, बास."

"काकी, गोळी नको. ह्याला आजच डॉक्टरकडं न्या. मी येते संगं, चला."

"तुझ्या बापानं कदी कुणाला माघारी धाडलं न्हाय."

"चला ना काकी, गाडी हाय माझ्याकडं."

तिनं पोराला पदराखाली घेतलं आणि ती ओट्यावरून उतरली. खाली उभ्या असलेल्या बाईला म्हणाली, "पोरगी बापावर गेली न्हाय." हळू बोलायची तिला गरज वाटली नाही. त्या दिवसापासून वरच्या आळीतली माणसं पुन्हा रस्त्यातच उभी राहून बोलतात.