पाय ब्रेकवरच होता

नवरा गेल्यावर व्हर्ना स्टॉकीनं शेत, ट्रॅक्टर सगळं मुलाच्या हवाली केलं; ठेवून घेतली फक्त जुनी पिकअप. कागदोपत्री तीही मुलाच्याच नावावर होती. नॉर्थ डकोटात दुकान काय नि चर्च काय, गाडीशिवाय गाठता येत नाही. हिवाळ्यातसुद्धा आपण एकट्या जातो-येतो, याचा तिला मनातून ताठा होता.

त्या वर्षी कार्ब्युरेटर गळायला लागला. धाकटा दीर आर्लो म्हणाला, "वहिनी, मेकॅनिक कशाला? मी बसवतो की." मूळ कंपनीचा मिळेना, म्हणून त्यानं दुसऱ्याच कुठल्या तरी कंपनीचा मागवून बसवला. गाडी सुरू झाली ती किंचाळतच. अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता रेस व्हायला लागली.

"आर्लो, ही अशीच ओरडणार का रे?"

"नवा आहे, बसेल हळूहळू."

"रेस कमी करायचा स्क्रू तर पार मागे घेतलायस. कुठूनतरी हवा ओढत असेल."

"तुम्ही बटाट्याच्या पोळ्या, लेफ्सा लाटा वहिनी, इंजिनाचं मी बघतो," आर्लो हसत म्हणाला.

डिसेंबरातल्या एका रविवारी चर्चपुढे बर्फ गोठलेला होता. व्हर्नानं ब्रेक दाबला, पण गाडी गिअरमध्ये होती आणि इंजिन मागच्या चाकांना रेटतच राहिलं. पिकअप घसरत पायऱ्यांचा कठडा मोडून थांबली. कठड्याशी उभी असलेली शेजारीण इंगा थोडक्यात वाचली.

"पाय ब्रेकवरच होता माझा," व्हर्ना सांगत राहिली.

"होतं असं या वयात," आर्लो सगळ्यांना हळू आवाजात म्हणाला.

मुलगा किप फार्गोहून आला आणि किल्ली घेऊन गेला.

नवऱ्याच्या जाकिटात दुसरी किल्ली होती. किप परत गेल्यावर व्हर्नानं शेडमध्ये गाडी सुरू केली आणि कार्ब्युरेटरच्या बुडाशी क्लीनरचा फवारा मारला. मागच्या कोपऱ्यात फवारा पडताच इंजिनाचा सूर बदलला; म्हणजे हवा तिथूनच आत ओढली जात होती. तिनं कार्ब्युरेटर उतरवला. खाली जुन्या पॅकिंगचे फाटके तुकडे तसेच चिकटलेले. आर्लोनं ते खरवडायचा कंटाळा करून वरच नवं बसवलं होतं. तिनं जागा घासून साफ केली, नवं पॅकिंग घातलं, बोल्ट सारखे आवळले, स्क्रू जुळवला. गाडी शांत घुरघुरायला लागली.

तिनं लगेच किपला फोन केला. "चूक माझी नव्हती रे. आर्लोनं जुनं पॅकिंग तसंच ठेवलं होतं."

"आई, काकांनी मदत केली तुला. आता त्यांच्यावर ढकलू नकोस. आणि दुसरी किल्ली होती, हे तू मला सांगितलंही नाहीस."

पुढच्या आठवड्यात किपनं पिकअप काकाला देऊन टाकली.

आता व्हर्ना इंगाच्या गाडीतून जाते. "बर्फ आहे, मी सावकाश चालवते बाई," असं इंगा दर वेळी म्हणते. एकदा कॅफेत शिरताना दारात पिकअप उभी दिसली, चालूच होती, शांत घुरघुरत. आत आर्लो रंगात येऊन सांगत होता, "हाताला सवय लागते. कान लावला की इंजिन आपणहून बोलतं."

मग त्याचं लक्ष गेलं. "या वहिनी, बसा!"

व्हर्ना बसली. तिची कॉफी दोन घोटांत संपली. इंगाला मात्र निघायची काहीच घाई नव्हती.